कौल कोणाचा?

२७ सप्टेंबर १९८२ रोजी दुपारी बारा वाजता ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात ‘चोवीस तासांतले जग’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. आर्स इलेक्ट्रॉनिका या महोत्सवासाठी रॉबर्ट एड्रियन या कलावंताने तो आखला होता. तीन खंडांतल्या पंधरा-सोळा शहरांतले कलावंत टेलिफोन, फॅक्स, स्लो-स्कॅन टीव्ही आणि एका कंपनीचे भाड्याचे संगणकजाळे यांच्या आधाराने दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत एकमेकांशी जोडलेले राहणार होते. त्यात रॉय ॲस्कॉट या इंग्रज कलावंताने जे केले त्याचे नाव ‘टेन विंग्ज’. चिनी परंपरेतल्या ‘यी-चिंग’ या कौल पाहण्याच्या ग्रंथाला दहा जुनी भाष्ये जोडलेली आहेत, त्यांना ‘दहा पंख’ म्हणतात. नाव तिथून घेतले. ठिकठिकाणच्या लोकांनी ग्रंथाला कौल लावायचा, आलेले आकडे टर्मिनलवर टंकून पाठवायचे आणि त्या सगळ्यांच्या गोळाबेरजेतून सहा रेघांची एकच आकृती काढायची, असा बेत होता. साऱ्या पृथ्वीने मिळून लावलेला एकच कौल, असे म्हणा. उत्तर आठव्या आकृतीपाशी आले. तिचा अर्थ ‘एकत्र धरून राहणे’, म्हणजे उपक्रमाला हवे होते अगदी तेच. पण तळाची रेघ डळमळीत निघाली. यी-चिंगच्या नियमाप्रमाणे अशी रेघ उलटते, आणि ती उलटली की आठवीची तिसरी आकृती होते. तिसरीचा अर्थ ‘आरंभीची अडचण’. हे अगदी खरे होते, असे ॲस्कॉटने पुढे लिहिताना निमूटपणे कबूल केले आहे.

संगणककलेच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो, आणि त्या ओळीतही हसू दडलेले असते. साठच्या दशकातले पौर्वात्य वेड अजून उतरले नव्हते, कलावंतांनी थोडे चिनी अत्तर शिंपडले, झाले. माझे म्हणणे वेगळे आहे. नेटवर्कवरच्या सहभागी कलेने कौल मागण्याची साधने पुन्हा पुन्हा उचलली. आधी यी-चिंग, मग प्लँचेट, आणि पुढे तर व्हिडिओ गेममधला एक जीवाश्म. यातले काहीही शोभेसाठी नव्हते. अनेक हातांतून एकच उत्तर निघावे आणि ते उत्तर त्यांतल्या कुणाही एकाचे नसावे, हा पेच या साधनांनी फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. कोकणात गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो आणि उजवी पडते की डावी याकडे सगळा गाव डोळे लावून बसतो. जो निर्णय होतो तो गावालाच पाळायचा असतो, पण ‘हा माझा निर्णय’ असे कुणी गावकरी म्हणत नाही. तसे कुणाला म्हणता येऊ नये, हाच त्या रीतीचा उपयोग. दूरदूरची माणसे तारेने जोडली गेली तेव्हा कलावंतांपुढे हाच पेच उभा राहिला, आणि त्यांनी हाताशी असलेले जुने अवजार घेतले.

तार आणि कौल यांची सोयरीक तशी संगणकाहून पुष्कळ जुनी. मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली ती मे १८४४ मध्ये, आणि तिच्यातला मजकूर बायबलमधला होता. त्यानंतर चारच वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स घराण्यातल्या मुलींनी भिंतीतून येणाऱ्या टकटकीशी संवाद साधल्याचे जाहीर केले. अमुक ठोके म्हणजे हो, अमुक म्हणजे नाही, आणि अक्षरे मोजून शब्द. कट्ट-कडकट्टाची भाषा लोकांच्या कानांवर नुकती पडू लागली होती. मृतांनाही तीच भाषा येते हे मग कुणाला अवघड वाटले नाही. १८५२ मध्ये न्यूयॉर्कात ‘स्पिरिच्युअल टेलिग्राफ’ याच नावाचे नियतकालिक निघाले. याच वातावरणातून पुढे थिऑसॉफी आली. तिचे संस्थापक १८७९ मध्ये न्यूयॉर्क सोडून मुंबईत उतरले आणि गिरगावात बिऱ्हाड करून राहिले. मद्रासजवळच्या अड्यारला जाण्याआधीची ही तीन-चार वर्षे मुंबईच्या इतिहासात फारशी कुणी सांगत नाही. थिऑसॉफीच्या वाचनातून कान्दिन्स्कीसारखा चित्रकार अमूर्त चित्रांकडे वळला, म्हणजे आधुनिक कलेतल्या ‘आध्यात्मिका’चा एक धागा इथून जातो. पण तो धागा रंग-रूपाचा. आपल्याला हवा तो धागा साधनाचा आहे, आणि तो पुन्हा बाल्टिमोरलाच सापडतो. जिथे मोर्सची तार पोचली होती त्याच शहरात अक्षरे, आकडे, ‘हो’ आणि ‘नाही’ छापलेल्या एका पाटीचे पेटंट १८९१ मध्ये घेतले गेले. ती वीजा बोर्ड या नावाने खेळण्यांच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. आपल्याकडे तिचाच घरगुती अवतार म्हणजे कागदावर काढलेली अक्षरे आणि त्यांवर उपडी वाटी किंवा नाणे. त्याला आपण सरसकट प्लँचेट म्हणतो.

त्या वाटीचे गूढ मात्र पाटीच्या पेटंटआधीच उकलले होते, आणि तेही साध्यासुध्या माणसाने नव्हे. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबलाभोवती बसून ते फिरवण्याचे वेड शिगेला पोचले होते, तेव्हा मायकेल फॅरेडेने एक यंत्र केले. टेबल आणि हात यांच्यामध्ये सैल चिकटवलेल्या पट्ट्यांचे थर ठेवले. टेबल आधी सरकले तर थर एका बाजूला घसरणार होते, हात आधी सरकले तर दुसऱ्या बाजूला. हातच आधी सरकत होते. मग त्याने हातांचा धक्का दाखवणारी एक काडी बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आणली. काडी दिसू लागताच टेबल फिरेनासे झाले. फॅरेडेने भूत नाही हे सिद्ध केले, असे आपण शिकतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या प्रयोगातून दुसरेही काही सिद्ध झाले. बसलेली माणसे खोटे बोलत नव्हती. प्रत्येक जण ढकलत होता, आणि आपण ढकलत आहोत हे त्यांतल्या कुणालाही कळत नव्हते. आपला वाटा दिसला की सामुदायिक हालचाल थांबते, झाकला की सुरू होते. नेटवर्कवर कलाकृती उभारणाऱ्याला दीडशे वर्षांनी नेमका हाच नियम उपयोगी पडणार होता.

यी-चिंगकडेही याच नजरेने पाहावे. त्याच्या आकृतीत सहा रेघा असतात, प्रत्येक रेघ एक तर अखंड किंवा मधे तुटलेली, म्हणून एकूण आकृत्या चौसष्ट. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने शून्य आणि एक या दोनच अंकांचे गणित मांडणारा लेख १७०३ मध्ये छापला, तेव्हा चीनमधल्या एका जेझुइट पाद्र्याने पाठवलेला या आकृत्यांचा तक्ता त्याच्यासमोर होता. आपलेच गणित चिन्यांनी रेघांनी लिहून ठेवले आहे, असे त्याला वाटले. तेव्हा संगणकाच्या जाळ्यातून पाठवायला यी-चिंगइतकी सोयीची दुसरी पोथी सापडली नसती. ती मुळातच दोन खुणांत लिहिलेली आहे. शिवाय १९५१ पासून जॉन केज आपल्या संगीतरचनांतल्या निवडी नाणी टाकून यी-चिंगवर सोपवत होता, आपली आवड-निवड रचनेतून काढून टाकावी म्हणून. ॲस्कॉटला एकाच्या नव्हे तर सगळ्यांच्याच आवडी-निवडी ओलांडायच्या होत्या. त्याच्या पुढच्याच प्रयोगाशी ताडून पाहिले की कौलाच्या साधनाचे काम नीट कळते. डिसेंबर १९८३ मध्ये पॅरिसच्या ‘इलेक्ट्रा’ प्रदर्शनासाठी त्याने अकरा शहरांना एकेक पात्र वाटून दिले. पॅरिस जादूगार, सिडनी चेटकीण, ॲमस्टरडॅम खलनायक. बारा दिवस सगळ्यांनी मिळून एक परीकथा टंकत राहायची होती. ‘वाटून घेतलेले कर्तृत्व’ ही ॲस्कॉटची कल्पना याच प्रयोगातून नावारूपाला आली. प्रयोग गाजला, पण कथा काही एका वाटेने गेली नाही. घड्याळे वेगळी, एकाचा मजकूर दुसऱ्याच्या मजकुरावर आदळतो, आणि फाट्यांना फाटे फुटत जातात. डग्लस डेव्हिस या कलावंताने १९९४ मध्ये इंटरनेटवर जगाकडून लिहवून घेतलेल्या एकाच न संपणाऱ्या वाक्याचेही तेच झाले. पूर्णविराम देण्याला मनाई होती, सन २००० पर्यंत दोन लाखांवर लोकांनी त्यात भर घातली आणि वाक्य कुठेच पोचले नाही. ते कुठे पोचावे अशी अपेक्षाही नव्हती म्हणा. पात्रे वाटता येतात, वाक्य वाटता येते, पण वाटणीतून एक उत्तर मिळत नाही. त्यासाठी मधे गुरव लागतो, किंवा त्याचे काम करणारे एखादे गणित.

ते गणित उघड्यावर मांडले केन गोल्डबर्गने. हा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला यंत्रमानवशास्त्राचा प्राध्यापक, आणि त्याच श्वासात कलावंत. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने २००० सालच्या आपल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात इंटरनेटवरच्या कलेला पहिल्यांदा जागा दिली, तेव्हा त्यात गोल्डबर्गचे ‘वीजा २०००’ होते. बर्कलीतल्या प्रयोगशाळेत कारखान्यात वापरतात तसा एक यांत्रिक हात, त्याच्या खाली वीजाची पाटी, वर कॅमेरा. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस आपल्या ब्राउझरमध्ये पाटीचे थेट चित्र पाहतो, समोर आलेला प्रश्न वाचतो आणि माउस हलकेच सरकवतो. एका वेळी तीसपर्यंत माणसांच्या माउसचे झोके सर्व्हरकडे जातात, सर्व्हर त्यांचा मेळ घालतो आणि मिळालेल्या एका झोक्याप्रमाणे हात पाटीवरची सोंगटी सरकवतो. तुम्ही ‘हो’कडे ओढता, सोंगटी थोडी तिकडे झुकते, मधेच अडखळते, वळते. यात आपला धक्का किती आणि इतरांचा किती हे कुणाला सांगता येत नाही. फॅरेडेची काडी इथे जाणीवपूर्वक काढून टाकली आहे. हीच यंत्रणा गोल्डबर्ग आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी यंत्रमानवशास्त्राच्या परिषदेत शोधनिबंध म्हणून मांडली. इंटरनेटवरून अनेकांनी मिळून एकच यंत्र चालवण्याची, त्यांच्या माहितीत, ही पहिलीच व्यवस्था होती. निबंधाच्या नावात प्लँचेट जाऊन ‘सामूहिक दूरचालन’ आले, यंत्र मात्र तेच राहिले. कौलाचे साधन हे इथे रूपक नव्हते, ते अभियांत्रिकीतले एक उत्तर होते, याला याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

यावर पहिला आक्षेप हुशार माणसाकडून येतो. हे सगळे म्हणजे नुसती सरासरी, त्यात अध्यात्म कुठून आणता? गर्दीची सरासरी शहाणी निघते हे फ्रान्सिस गाल्टनने १९०७ मध्येच दाखवले होते. प्लिमथच्या जत्रेत एका बैलाचे सोलून-कापून किती वजन भरेल यावर पैज लागली होती. ७८७ चिठ्ठ्यांतला मधला अंदाज १२०७ पौंड निघाला, आणि वजन भरले ११९८. लेखाला गाल्टनने नाव दिले ‘व्हॉक्स पॉप्युली’, जनतेचा आवाज. ज्या लॅटिन म्हणीतून ते घेतले तिचा उरलेला अर्धा भाग आहे ‘देवाचा आवाज’, आणि तो त्याने सोडून दिला. आक्षेप वजनदार आहे, पण बैलापुरता. बैलाला वजन होते. कुणी अंदाज बांधला नसता तरी ते होतेच. म्हणून सरासरीला चूक किंवा बरोबर ठरता आले. ‘वीजा २०००’ला विचारलेल्या प्रश्नांना किंवा १९८२ च्या यी-चिंगला विचारलेल्या प्रश्नाला असे बाहेर ठेवलेले वजन नव्हते. तिथे मेळ घालण्याची क्रिया आधीच असलेले उत्तर शोधत नाही, ती उत्तर घडवते. गावाने विहीर कुठे खणावी हा प्रश्न भूजलतज्ज्ञाचा, त्याला सरासरी चालेल. गावाने यंदा जत्रा भरवावी की नाही हा प्रश्न कौलाचा. दोन्हींकडे आकडेमोड सारखी दिसेल, तरी काम सारखे नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा, आणि तो गोल्डबर्गने स्वतःच ओढवून घेतला होता. ‘वीजा’च्या आधी, १९९५ मध्ये, त्याने जोसेफ सांतारोमाना या कलावंताबरोबर ‘टेलिगार्डन’ उभारले. एक खरी बाग, मधोमध यांत्रिक हात, आणि नाव नोंदवलेल्या कुणालाही दुरून पाणी घालायची मुभा. काही काळ पाणी घालत राहिले की एक बी पेरायला मिळे. पहिल्याच वर्षात नऊ हजारांवर सदस्य झाले. बाग १९९६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातून लिंझला हलली आणि २००४ पर्यंत चालली. सुटीवर जाताना लोक अनोळखी सदस्यांना सांगून जात, माझ्या रोपाला पाणी घाला. आपण शेजाऱ्याला तुळशीचे सांगतो तसेच. पण पडद्यावर दिसते ते रोप खरेच तिथे आहे, की जुनी चित्रे दाखवून कुणी बनवते आहे? दुरून आलेल्या ज्ञानाची खातरी कशी करावी, या प्रश्नावर गोल्डबर्गने २००० मध्ये एक जाडजूड ग्रंथच संपादित केला, आणि त्यात ह्यूबर्ट ड्रेफससारखा तत्त्वज्ञ शरीर बाजूला ठेवून मिळणाऱ्या सान्निध्याबद्दल साशंक होता. शंका योग्य आहे. बागेच्या बाबतीत तिचे उत्तर मला सापडत नाही, कारण ज्याला रोप हवे त्याला रोप खोटे निघून चालणार नाही. पण कौलाच्या बाबतीत शंकेचा रोख बदलतो. सोंगटी खरी आहे का हा तिथे दुय्यम प्रश्न. ती इतर माणसे ढकलत आहेत का, हा खरा. आणि ते कळते अडखळण्यातून. यंत्र एकट्याच्या ताब्यात असते तर सोंगटी सरळ गेली असती.

हे अडखळणे हाच एका अख्ख्या धर्माचा पाया कसा होतो, ते फेब्रुवारी २०१४ मध्ये दिसले. आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांमागे कलावंत होता. इथे ऑस्ट्रेलियातला एक निनावी प्रोग्रामर होता आणि त्याने केवळ एक गंमत करून पाहिली होती. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेवर त्याने ‘पोकेमॉन रेड’ हा जुना गेम सुरू केला आणि कुणीही ‘वर’, ‘खाली’, ‘ए’, ‘बी’ असे शब्द टंकले की ती आज्ञा गेमला जाईल अशी सोय केली. चित्र काही सेकंद उशिरा दिसे, म्हणून आज्ञा नेहमी जुन्या प्रसंगाला दिली जाई. एका वेळी लाखावर माणसे खेळाडूला चारी दिशांना ओढू लागली. तो कोपऱ्यात गोल गोल फिरे, एका उतरणीवरून तासन्‌तास खाली पडे, आणि लढाई ऐन भरात असताना पिशवी उघडून तिच्यातला ‘हेलिक्स फॉसिल’ बाहेर काढे. त्या जीवाश्माचा त्या घडीला काहीही उपयोग नव्हता. गेम तसे बजावून सांगे आणि तो पुन्हा पिशवीत जाई. पण हे इतक्या वेळा झाले की पाहणाऱ्यांना त्यात रीत दिसू लागली. संकट आले की आपला माणूस हेलिक्सला कौल लावतो. दोन-चार दिवसांत ‘प्रभू हेलिक्स’ची चित्रे, पुराणे, प्रार्थना तयार झाल्या. खेळाडूच्या ताफ्यातल्या, लढाया जिंकून देणाऱ्या पक्ष्याला तारणहाराचा मान मिळाला, तर ज्याच्या पायी जुने साथीदार गमवावे लागले त्याला खोट्या प्रेषिताचा. गेममधला तो जीवाश्म अमोनाइट या शंखासारख्या प्राचीन प्राण्याच्या घाटाचा आहे. आपल्या देवघरांतले शाळिग्रामही गंडकीच्या पात्रातले अमोनाइटच. लाखभर पोरे, ज्यांतल्या बहुतेकांनी गंडकीचे नाव ऐकले नसेल, दोन आठवडे शाळिग्राम पुजत होती. हा योगायोग आहे आणि त्याला योगायोगच राहू द्यावे, पण सोडून द्यावासा वाटत नाही.

या धर्मकथेतला सर्वांत मोलाचा भाग मात्र जीवाश्म नाही, मतदान आहे. खेळाडू एका भुलभुलैयात अडकला तेव्हा प्रोग्रामरने नवा नियम आणला. ठरावीक सेकंदांत आलेल्या आज्ञांची मोजणी होईल आणि बहुमताची एकच आज्ञा गेमला जाईल. या रीतीला नाव पडले ‘लोकशाही’, आधीच्या रीतीला ‘अराजक’. लोकशाहीने वाट सापडणार हे उघड होते, आणि सापडलीही. तरीही लोक चिडले. त्यांनी बहुमताच्या बळावरच मेनू पुन्हा पुन्हा उघडण्याची आज्ञा देत खेळ बंद पाडायचा प्रयत्न केला. पुराणातही लगेच भर पडली. हेलिक्स हा अराजकाचा देव ठरला आणि गेममध्ये हेलिक्सच्या ऐवजी घेता आला असता तो दुसरा जीवाश्म, डोम, लोकशाहीचा सैतान. राज्यपद्धतीच्या वादातून देव-दानव जन्मले. जे काम लवकर होते आहे ते कुणी का नाकारावे? कारण मोजणीत प्रत्येकाचे मत दिसते. हरलेला आणि जिंकलेला वेगळे होतात आणि निर्णय पुन्हा कुणाचा तरी होतो. फॅरेडेची काडी टेबलावर परत आली. गेम सोळा दिवसांनी संपला आणि साडेअकरा लाखांवर माणसांनी त्यात हात घातला होता. ही सगळी थट्टा होती, हा तिसरा आक्षेप इथे हमखास येतो, आणि थट्टा तर होतीच. हेलिक्सला कुणी मनापासून मानत नव्हते. पण माझा मुद्दा श्रद्धेचा नाहीच. थट्टा करणाऱ्यांनीही रीत पाळली, तिच्यासाठी भांडले आणि सोयीचा पर्याय लाथाडला. गावच्या कौलालाही सगळेच गावकरी भाविक असतात असे कोण म्हणेल?

उलट बाजूने तपासायचे तर जिथे श्रद्धा खरी आणि चिन्हही खरे अशी एक घटना घ्यावी. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी नामग्याल मठाच्या तिबेटी भिक्षूंनी कालचक्र विधीने सायबरस्पेसला आशीर्वाद दिला. वाळूच्या कालचक्र मंडलाचे छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर होते, समोर मंत्रपठण. अवकाश म्हणजे केवळ रिकामेपण, मग तारांमधल्या अवकाशालाही पावन का करू नये, हा त्यांचा विचार सुरेख होता. पण ज्यांना आशीर्वाद मिळाला त्या नेटवरच्या लोकांना करायचे काहीच नव्हते. नाम जुन पाइक या कलावंताच्या १९७४ च्या ‘टीव्ही बुद्ध’मध्ये बुद्धाची मूर्ती कॅमेऱ्यातून आलेले आपलेच चित्र पाहत बसते, तिथेही आपण नुसते पाहुणे. दोन्ही ठिकाणी चिन्ह सघन आहे आणि समुदाय नाही. बिनउपयोगी जीवाश्माभोवती मात्र समुदाय आहे.

रेडिट या संकेतस्थळावरच्या ‘द बटन’मध्ये तर सुरुवातीला चिन्ह म्हणावे असेही काही नव्हते. १ एप्रिल २०१५ रोजी तिथे एक कळ आणि साठ सेकंदांचे उलटे घड्याळ दिसू लागले. कुणी कळ दाबली की घड्याळ पुन्हा साठावर. त्या दिवसाआधी उघडलेल्या प्रत्येक खात्याला ती आयुष्यात एकदाच दाबता येणार होती. शून्यावर गेले तर काय होईल हे सांगितले नव्हते. कितव्या सेकंदाला दाबली त्यावरून नावापुढे रंग लागे, जांभळ्यापासून लालपर्यंत; न दाबणारे करडे राहत. रंगांवरून पंथ झाले, आणि कधीच न दाबण्याचे व्रत घेतलेल्या करड्यांचाही एक पंथ झाला. घड्याळ मरू नये म्हणून काहींनी पाळ्या लावल्या. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत, पहारा बदलतो तशी ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तसेच हे, पण इथे प्रत्येकाला पहारा एकदाच, आणि सप्ताह किती दिवसांचा ते ठाऊक नाही. पुढे लोकांनी आपली न वापरलेली खाती एका स्वयंचलित प्रोग्रामच्या हवाली केली. घड्याळ अगदी खाली आले की तो त्यांतल्या एकाकडून कळ दाबवून घेई. ५ जूनला त्याने भरवसा ठेवलेल्या खात्याची कळ लागलीच नाही. तोवर दहा लाख आठ हजारांवर लोकांनी ती दाबली होती. वीणा माणसांच्या हातून नाही, यंत्राच्या हातून पडली.

इथे माझ्या मांडणीवरचा सर्वांत कठीण आक्षेप उभा राहतो, आणि तो मी पूर्ण परतवू शकत नाही. गुरव कोण? कौल गावाचा असला तरी गाऱ्हाण्याचे शब्द गुरवाच्या तोंडचे असतात, आणि प्रश्न जो मांडतो तो उत्तराच्या मर्यादाही ठरवतो. ॲस्कॉटने आपला नियम सांगून टाकला होता. गोल्डबर्गने तर शोधनिबंधात छापला. रेडिट ही कंपनी आहे. ‘बटन’मागचा जॉश वॉर्डल तिचाच कर्मचारी होता, पुढे ‘वर्डल’ हा शब्दखेळ काढणारा तो हाच. १ एप्रिल २०१७ रोजी त्याने ‘प्लेस’ आणले. हजार गुणिले हजार ठिपक्यांचा फलक, सोळा रंग, आणि प्रत्येकाला काही मिनिटांतून एकच ठिपका. एकट्याला त्यात काही काढता येत नाही, म्हणून लोक टोळ्यांनी आले. जर्मनीचा झेंडा सरकत सरकत फ्रान्सच्या झेंड्यावर चढला, आणि बहात्तर तास संपेपर्यंत त्या सीमेवर युरोपीय संघाचा झेंडा आणि शांतीचे कबूतर येऊन बसले. ते कुणी ठरवले हे विचारून उपयोग नाही. काळा ठिपका पसरवत सगळे गिळणारा एक पंथही होता. पण फलक कधी उघडायचा, केवढा ठेवायचा, कधी मिटायचा, हे कंपनीच्या हाती राहिले. जुलै २०२३ मध्ये कंपनीच्या धोरणांवर लोक संतापलेले असतानाच तिने ‘प्लेस’ पुन्हा उघडले, तेव्हा सदस्यांनी फलकभर मुख्याधिकाऱ्याच्या नावाने शिव्या काढल्या. गावाने गुरवालाच गाऱ्हाणे घातले.

मधली, एप्रिल २०२२ ची खेप यांत सर्वांत मोठी होती. एक कोटीवर माणसे, सोळा कोटी ठिपके, आणि दोनदा वाढवावा लागलेला फलक. चार दिवसांत झेंडे, पक्षी, पात्रे, शिव्या, प्रार्थना यांनी तो खच्चून भरला. मग काही न सांगता रंगपेटीतले सगळे रंग गेले आणि एक पांढरा उरला. फलक पुसण्याची आज्ञा कंपनीने दिली नाही, तिने फक्त दुसरा रंग ठेवला नाही. ठिपका लावलाच पाहिजे अशी सक्तीही नव्हती. हात आवरून बसले असते तर चित्र तसेच राहिले असते. लोकांनी ठिपके लावले. ज्यांनी चार रात्री जागून आपला कोपरा राखला होता त्यांच्यासमोर तो कडेकडेने विरत गेला, आणि अखेर सगळा फलक कोरा झाला.